आप्पांच्या बागेतली गांडुळं

मी कुपवाडचा. माझे मामा तासगावचे द्राक्षबागायतदार. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना ऐटीत म्हणालो, "मामा, तुम्ही रासायनिक औषधं मारता. शेजारच्या आप्पांची बाग बघा, अगदी सेंद्रिय!"

मामा हसले. "चल, खोरं घे."

दोन्ही बागांत वेलीखाली वीतभर खणलं, गांडुळं मोजली. मामांकडं पाच, आप्पांकडं तीन! एका खड्ड्यावरून शास्त्र ठरत नाही, कबूल; पण मी गप्पच झालो.

आप्पा केवडा रोगावर बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे मोरचूद नि चुना. 1885 च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढं आलेलं हे औषध सेंद्रिय शेतीलाही चालतं. कृत्रिम रासायनिक औषधं वर्ज्य, म्हणून भिस्त मुख्यतः यावर. पण मोरचुदातलं तांबं कुजत नाही. वर्षानुवर्षं मातीत साठतं, गांडुळांना बाधतं. म्हणून तर युरोपीय संघानं 2018 मध्ये 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली.

मग मामा जिंकले? छे! घामाघूम होऊन मी विहिरीकडं धावलो, तर मामी ओरडली, "ते पाणी पिऊ नको रे! युरियाचं नायट्रेट उतरलंय त्यात. घरातलं पी."

आता मामांचं हसू मावळलं.

यंदा मामा शेणखत वाढवून युरिया कमी करताहेत. आप्पा पानं विरळ करून हवा खेळती ठेवतात, म्हणजे फवारे कमी. पुढच्या दिवाळीत मी पुन्हा खणणार आहे. या वेळी दहा-दहा खड्डे!