गुंतवळ

लॉक्स, म्हणजे केसांचे गुंतून घट्ट झालेले पेड, वाढवायला घेतले की पहिले काही महिने आरशात पाहून फारसं समाधान मिळत नाही. दोन-दोन बटा एकमेकींत पिळून डोकंभर बारीक पेड घातलेले असतात. त्यांच्यामधून टाळूच्या रेघा दिसतात. पहिल्याच धुण्यात कितीतरी पेड टोकाकडून उलगडतात, आणि जे टिकतात ते आक्रसून कानांच्या वर उभे राहतात. अशा डोक्यानं रोज सकाळी बाहेर पडायचं, कामावर जायचं, लोकांच्या नजरेला नजर देऊन बोलायचं. त्याला लागणारा धीर मला कसा आला हे सांगायचं, तर माझ्या गावापासून, गडहिंग्लजपासून सुरुवात करायला हवी.

माझे केस जन्मापासून दाट आणि स्प्रिंगसारखे कुरळे. विंचरताना फणीचे दात मोडायचे. फणीत आलेला गुंतवळ आजी बोटाभोवती गुंडाळायची आणि परसातल्या भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. अधूनमधून गल्लीत केस घेणारी बाई यायची. त्या गुंतवळावर सुया, पिना, आम्हा पोरांना फुगे मिळायचे. शाळेत मला ‘झिपरी’ म्हणत. चपचपीत तेल, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, एवढं करूनही मधल्या सुट्टीपर्यंत कपाळावरचे केस सुटून वर यायचेच. कॉलेजात गेल्यावर पार्लरमध्ये ते सरळ करून घेतले. त्या औषधाचा उग्र वास, डोळ्यांतून वाहणारं पाणी, टाळूची आग आणि काही महिन्यांनी मुळाशी पुन्हा उगवलेली कुरळी बोटभर वाढ. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण कुरळ्या केसांची नवरी मी एकाही लग्नपत्रिकेवर, एकाही फोटो स्टुडिओच्या काचेत पाहिली नव्हती.

त्याच गल्लीच्या टोकाला एक जोगतीण मावशी राहायच्या. त्यांच्या डोक्यातून एकच जाड जट निघून कमरेच्या खाली गेली होती. भंडारा लावून लावून ती पिवळी पडली होती. तिच्या ओझ्यानं त्यांची मान कायमची एका बाजूला कललेली असायची, आणि झोपायच्याही त्या एकाच कुशीवर. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला कोल्हापूरकडून एसटी भरभरून सौंदत्तीला देवीच्या यात्रेला जात, तेव्हा बायका वाकून त्यांच्या जटेला हात लावत. एकदा मला मोठा ताप आला. बरेच दिवस डोकं धुतलं नाही आणि मानेवर केसांचा घट्ट गोळा झाला. आजीचा चेहरा उतरला. शेजारणीच्या नजरेला पडायच्या आत तिनं दाराला कडी घातली, खोबरेल ओतलं आणि दाभणाच्या टोकानं एकेक केस सोडवत रात्रभर बसली. तेव्हा मला वाटलं की ती दुखतंय म्हणून काळजी करतेय. पुढे कळलं, अशाच एखाद्या गुंत्यावरून ‘देवीनं मागितलं’ असं ठरायचं आणि मुलगी देवीला सोडली जायची. सौंदत्ती ज्या कर्नाटकात येते, त्यानं १९८२ साली कायदा करून त्या चालीवर बंदी घातली, पण भीती कायद्यानं लगेच जात नाही.

नोकरीसाठी बर्मिंगहॅमला आले. रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम. तोवर सरळ करण्याच्या त्या औषधानं केस तुटायला लागले होते. हँड्सवर्थ हा शहरातला कॅरिबियन लोकांचा जुना भाग. तिथे खोली घेतली होती. बसस्टॉपवर, बाजारात, चर्चमधून बाहेर पडताना माझ्यासारख्या, माझ्याहूनही घट्ट कुरळ्या केसांच्या बाया दिसायच्या, आणि त्यांतल्या किती जणींच्या खांद्यांवर लॉक्स रुळत असायचे. शाळामास्तरीण, बसचालक, वकील, आजीबाई. मला ते केस फार सुंदर वाटले. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की माझे केस ज्या दिशेला जाऊ पाहतात, तिकडे काहीतरी आहे.

कोपऱ्यावरच्या दुकानात जमैकन घराण्यातल्या, साठीच्या एक बाई लॉक्स करायच्या. सगळे त्यांना आंटी म्हणत. मी आत गेले ते केस दाखवायला नाही, विचारायला, की हे मी केलं तर चालेल का. त्यांनी खुर्चीत बसवलं आणि केसांना हात लावायच्या आधी त्यांच्या वडिलांच्या गावाची गोष्ट सांगितली. १९३० साली हेल सेलासी इथिओपियाचे सम्राट झाले, आणि त्या दशकात जमैकात त्यांना देव मानणारा रास्ताफारी पंथ उभा राहिला. बायबलमधल्या नाझीर व्रताप्रमाणे डोक्याला वस्तरा लावायचा नाही, हा त्यातल्या अनेकांचा नेम. १९६३ च्या ईस्टरच्या सुमारास माँटेगो बे जवळच्या कोरल गार्डन्समध्ये दंगा झाला, आणि त्यानंतर पोलिसांनी दिसेल त्या रास्ताला धरलं. मारहाण केली, तुरुंगात टाकलं, लॉक्स जबरदस्तीनं कापले. त्याबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१७ मध्ये. अमेरिकेत अलाबामा राज्यात २०१० साली एका कृष्णवर्णीय तरुणीला दिलेली नोकरी लॉक्स कापायला नकार दिला म्हणून काढून घेतली गेली, आणि अपील कोर्टानंही २०१६ मध्ये कंपनीचीच बाजू उचलून धरली. केसांवरून असा भेद करू नये म्हणून पहिला कायदा कॅलिफोर्नियानं केला, २०१९ साली. ‘हे डोक्यात ठेव, मग डोक्यावर ठेवायला हरकत नाही,’ आंटी म्हणाल्या.

मला मावशींची जट आठवत होती. तिकडे केस कापण्याची सक्ती, आमच्याकडे न कापण्याची. पोलिसांचा हात आणि देवीचा धाक या दोन फार वेगळ्या गोष्टी, पण दोन्हीकडे ज्याचं डोकं त्याला कुणी विचारलेलं नसतं. मी आंटींना जटेबद्दल सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग त्यांनी माझे केस ओले केले, कंगव्याच्या टोकानं चौकोनी भाग पाडले आणि पेड घालायला घेतले.

पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं की माझे केस त्यांच्यापेक्षा सैल आहेत, म्हणून वेळ जास्त लागेल, उलगडतील, फुलतील, घाबरायचं नाही. या धीरासाठी मला आरशासमोर उभं राहून स्वतःला सुंदर म्हणण्याचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो केसांच्या आत काय चाललंय हे समजल्याचा. माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण पन्नास ते शंभर केस गळतात. फणीनं विंचरणाऱ्याचे ते फणीत येतात. लॉक्समध्ये गळलेला केस पेडातच अडकून राहतो, शेजारच्या वाढत्या केसांत गुंततो, आणि त्यातूनच लॉक भरीव होत जातो. आजी जो गुंतवळ भिंतीत खोचायची, तो इथे जागच्या जागी कामाला येतो. वर फुललेले, पिंजारलेले दिसणारे केस म्हणजे बिघाड नव्हे, गुंतण्याची सुरुवात आहे. हे कळल्यावर सकाळी टोपी शोधणं थांबलं.

मोह होतो तो दर आठवड्याला पुन्हा पीळ घालून डोकं नेटकं करण्याचा. तसं केलं की मुळं ताणली जातात, आणि तो ताण वर्षानुवर्षं राहिला तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात. जाड क्रीम आणि मेण चोपडलं तर ते आत साठतं, निघत नाही. म्हणजे सुरुवातीच्या काळात करायचं ते थोडंच. स्वच्छ पाण्यानं आणि पातळ केलेल्या शाम्पूनं धुवायचं, नीट वाळवायचं, रात्री सॅटिनचा रुमाल बांधायचा आणि वाट पाहायची. मला स्वतःला ही वाट पाहणं सगळ्यांत अवघड गेलं. लॅबमध्ये केस जाळीत बांधावे लागत, तो दिवसाचा सोपा भाग. व्हिडिओ कॉलवर आई दिसायची तो अवघड. ती बोलायची जेवणाखाण्याचं, पण नजर पडद्यावर माझ्या कपाळाच्या वरच असायची. ‘गुंता झालाय का गं?’ एवढंच एकदा विचारलं. तिच्या आवाजात त्या रात्रीची आजी होती. मी मोबाइल टाळूजवळ नेला आणि मुळं दाखवली. स्वच्छ, कोरडी, मोकळी.

मग एका रविवारी धुताना बोटाला काहीतरी लागलं. मानेजवळच्या एका पेडात, टोकाच्या थोडं वर, मिऱ्याएवढी घट्ट गाठ. दाबली तर दबत नव्हती. पाण्यात धरली तरी सुटली नाही. पुढच्या शनिवारी दुकानात गेले, तेव्हा आंटींनी ती दोन बोटांत फिरवून पाहिली आणि दुकानातल्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवली. लॉक धरायला लागला होता. एकीनं आपल्या पाठीवरच्या, पंचवीस वर्षांच्या लॉक्समधला पहिला कुठला ते शोधून माझ्या हातात दिला. त्या दुकानातल्या शनिवारांनी मला जेवढं सावरलं तेवढं दुसऱ्या कशानंच नाही. आपल्या पुढच्या टप्प्यावर असलेली माणसं डोळ्यांसमोर असणं, ही सोय ज्यांना आहे त्यांनी ती सोडू नये.

मावसबहिणीच्या लग्नाला गडहिंग्लजला गेले तेव्हा लॉक्स मानेला टेकत होते. कार्यालयात कुजबुज झाली, ती होणारच होती. पंगत उठल्यावर नात्यातली एक म्हातारी काठी टेकत आली आणि मला काही कळायच्या आत वाकून पाया पडू लागली.

“आजी, नको. देवीचं नाही हे.”

“मग?”

“मी करून घेतलंय. हात लावून बघा.”

तिनं एक लॉक बोटांत धरला, दाबला, नाकाशी नेला.

“धुतीस व्हय ह्ये?”

“कालच धुतलंय.”

“आनि कापलं तर?”

“चालतंय की. मनात आलं तर उद्या कापीन.”

ती शेजारच्या खुर्चीत बसली. बराच वेळ माझा लॉक तिच्या हातात होता. मग हळू आवाजात म्हणाली की तिच्या धाकट्या बहिणीला जट आहे, आता मान वळत नाही, आत उवा झाल्यात, पण कापायचं नाव काढलं की घरात रडारड होते. मी तिला सांगितलं की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरी येतात, घाई करत नाहीत, आधी बसून बोलतात, आणि बाईनं स्वतः हो म्हटल्यावरच कात्री लावतात.

“तू येतीस का संगट? तुजं डोस्कं बघितलं की तिला जरा धीर येईल.”

वरात निघायच्या आत मी ओळखीतून तिथल्या एका कार्यकर्तीचा नंबर मिळवला, म्हातारीच्या नातवाच्या मोबाइलमध्ये घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तिच्या बहिणीकडे जायचं ठरवलं.