पुराव्यानिशी गाव

५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्य प्रदेशात पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. छिंदवाडा जिल्ह्यातल्या पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली त्यात आल्या. शासनाच्या लेखी ही एका अधिसूचनेची गोष्ट. पण विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाची कितीतरी पाने त्या दिवशी जुनी झाली. छिंदवाड्याचे पान, दोन्ही शहरांची पाने, खेड्यांची पाने, नकाशे, जिल्ह्यांच्या याद्या, सगळीकडे दुरुस्ती आली. आणि ती मराठीत, हिंदीत, इंग्रजीत वेगवेगळी करायची. ही दुरुस्ती कोणी करायची? विकिपीडियाला पगारी लेखक नाहीत. ज्याला माहीत आहे आणि ज्याला कळकळ आहे, त्यानेच ती करायची असते.

मी ग्रंथालयशास्त्राचा माणूस. ग्रंथपालांना आणि गावकऱ्यांना विकिपीडियावर लिहायला शिकवण्याचे काम मी सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात करतो. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. गावाजवळ ज्ञान भरपूर असते. ज्ञानकोश मागतो तो पुरावा. या दोघांची गाठ घालून देणारा माणूस ग्रंथपाल आहे, म्हणून आधी तो तयार व्हायला हवा.

पांढुर्णा-सौंसरला या कामाची निकड जास्त आहे, त्याचे कारण इतिहासात आहे. १९५६पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती आणि हा मुलूख तिच्या अंगणात होता. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पुढे महाराष्ट्रात आले. छिंदवाडा मात्र भोपाळकडे राहिला आणि त्याच्याबरोबर इथला मराठी माणूसही. त्याची सोयरीक आजही महाराष्ट्रातल्या नरखेड, काटोल, सावनेर, वरुडकडे होते, दवाखान्याला तो नागपूर गाठतो, घरात वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतो; पण कागद हिंदीत लिहितो. परिणाम असा, की महाराष्ट्राच्या सरकारी मजकुरात हा भाग हद्दीबाहेरचा ठरतो आणि हिंदी मजकुरात इथले मराठी जगणे ओझरते येते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते इथे खरे आहे. असा प्रदेश ज्ञानकोशात यायचा असेल तर तो तिथल्याच लोकांनी लिहायला हवा.

ज्ञानकोशाशी या परिसराचे नाते नवे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मंडळ काढले ते १९१६ साली, नागपुरात. मर्यादित कंपनी, भागधारक आणि वर्गणीदार अशा पायावर त्यांनी तेवीस खंड उभे केले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला; त्याचे खंड आज जालावर कोणालाही मोफत वाचता येतात. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. केतकरांनी आणि तर्कतीर्थांनी तज्ज्ञ जमवले; विकिपीडियाने दार सगळ्यांना उघडे ठेवले आणि उंबऱ्यावर एकच अट घातली: जे सांगाल ते कुठे छापले आहे ते दाखवा. या अटीपाशी गावकरी थबकतो आणि ग्रंथपालाचे काम सुरू होते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते संत्र्याच्या उदाहरणाने सांगतो. या भागाचे अर्थकारण संत्र्याच्या बागांवर उभे आहे. एका कार्यशाळेत एका बागाईतदार काकांना मी संत्र्याच्या बहारांवर बोलायला सांगितले. ते बोलत गेले, एक तरुण टाइप करत गेला. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात बागेचे पाणी तोडायचे, झाडाला ताण द्यायचा, जानेवारीत ताण सोडला की फूल निघते. मृग बहाराला हाच ताण मे महिन्यात, आणि मृगाच्या पावसावर फूल. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस पुरतो, काळ्या भारी जमिनीत जास्त दिवस लागतो. सांगणे चोख होते. मी विचारले, “काका, याला संदर्भ काय द्यायचा?” ते म्हणाले, “हे त लहान पोरालेबी मालूम हाय जी, याले पुरावा कायले पायजे?”

त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर शेजारी बसलेल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपाल मॅडमनी दिले. नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. दोन्हींचीही शेतकऱ्यांसाठी प्रकाशने निघतात. मॅडमनी एक पुस्तिका काढली, पान उघडले आणि काकांचे एकेक वाक्य त्याच्याशी ताडून पाहिले. जे छापील मजकुराशी जुळले, त्याच्या शेवटी तळटीप पडली. जे जुळले नाही, ते चर्चापानावर नोंदवून ठेवले, उद्या कोणाला आधार सापडला तर लेखात घेता यावे म्हणून. त्या दुपारी तयार झाला तो एकच परिच्छेद. पण तो टिकणारा होता. दुसऱ्या दिवशी विकिपीडियाचा कोणी संपादक ‘संदर्भ हवा’ असा शिक्का मारून तो उडवू शकत नव्हता. काकांशिवाय तो लिहिताच आला नसता आणि मॅडमशिवाय राहिला नसता. मी प्रशिक्षणात नेहमी अशाच जोड्या लावतो: एक जाणकार, एक ग्रंथपाल, एक टंकणारा.

दुसरा धडा गोटमारीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि दोन्ही काठांवरून दगडफेक होते. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या देवळात नेतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. प्रशासनाने बंदी घालून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. बाहेरच्या माणसाला यात फक्त रक्त दिसते. गावच्या माणसाला श्रद्धा, वंशपरंपरा आणि मान दिसतो. ज्ञानकोशात हे कसे लिहायचे?

मी हा विषय मुद्दाम घेतो, कारण विकिपीडिया मागतो तो तटस्थ दृष्टिकोन नियम वाचून कळत नाही, आपल्या गावाबद्दल लिहिताना कळतो. दोन्ही काठांची माणसे एकाच टेबलाशी बसवतो आणि मजकुराचे चार भाग पाडायला लावतो. पहिल्या भागात काय घडते त्याचे साधे वर्णन. त्यावर वाद नसतो. दुसऱ्यात आख्यायिका. एका काठचा मुलगा दुसऱ्या काठच्या मुलीला घेऊन निघाला आणि नदीत दगड बरसले, ही कथा सांगण्याच्या दोन-तीन तऱ्हा आहेत. म्हणून ‘अशी आख्यायिका सांगितली जाते’ असे लिहायचे आणि ती कुठे छापली आहे ते द्यायचे. तिसऱ्यात जखमी, मृत्यू, प्रशासनाचे उपाय. इथे वर्तमानपत्राच्या बातमीशिवाय एक आकडाही लिहायचा नाही. चौथ्यात समर्थकांचे आणि विरोधकांचे म्हणणे, ज्याचे त्याच्या नावावर. ‘आमची महान परंपरा’ आणि ‘रानटी प्रथा’ हे दोन्ही शब्दप्रयोग खोडायला लावतो. आवाज चढतात, पण खोडणारा हात त्यांचाच असतो. आपल्या प्रिय गोष्टीबद्दल जोखून बोलायची ही सवय ज्ञानकोशाबाहेरही माणसाच्या उपयोगी पडते.

तिसरे उदाहरण जमिनीखालचे आहे. सौंसर हे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. मध्य भारतातल्या मँगनीजयुक्त अतिप्राचीन खडकांच्या समूहाला ‘सौसर ग्रुप’ म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस फर्मोर यांनी या मुलखाच्या खाणी पायाखाली घातल्या आणि भारतातल्या मँगनीज साठ्यांवर १९०९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सौंसर भागातल्या सीतापार गावावरून त्यांनी एका खनिजाला ‘सीतापाराइट’ असे नाव दिले. पुढे ते खनिज आधीच माहीत असलेले बिक्सबाइट असल्याचे ठरले आणि नाव मागे पडले. तरी खनिजशास्त्राच्या जुन्या सूचींत गावाची नोंद आहेच. त्याच परिसरातल्या शाळेच्या मुलांना मी हे सांगितले तेव्हा ती बघतच राहिली.

या उदाहरणातून ग्रंथपालांना एक गोष्ट शिकवता येते. १९०९चा तो ग्रंथ, आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले १९०७चे छिंदवाडा जिल्ह्याचे गॅझेटिअर, हे सगळे आता प्रताधिकारमुक्त आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आणि सरकारी प्रकाशन निघाल्यापासून साठ वर्षांनी हक्क संपतो. अशी पुस्तके स्कॅन करून विकिमीडिया कॉमन्स या मुक्त माध्यमसंग्रहावर चढवता येतात, मराठी असतील तर विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहावर शब्दशः टंकून शोधण्याजोगी करता येतात. हे ग्रंथपालाइतके नेमके दुसऱ्या कोणाला कळणार? कुठले पुस्तक कोणत्या वर्षाचे, कितवी आवृत्ती, लेखक कधी वारला, हा त्याचा रोजचा धंदा आहे.

आता अडचणींकडे येतो. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित ग्रंथालये खेडोपाडी पोचली आहेत. मध्य प्रदेशात असा कायदा नाही. हद्द ओलांडली की गावच्या वाचनालयाचा आधार लोकवर्गणी किंवा एखाद्या मंडळाची कळकळ एवढाच राहतो. त्यामुळे इथे शाळा-महाविद्यालयांचे ग्रंथपाल हेच खरे खांब आहेत. प्रशिक्षणाचेही तसेच. जानेवारी २०१७मध्ये मराठी भाषा पंधरवड्यात राज्य मराठी विकास संस्थेने महाराष्ट्रात विकिपीडिया कार्यशाळांची मोहीम घेतली. बंगळूरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी ही संस्थाही मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे काम करत आली आहे. सीमेपलीकडच्या मराठीला अशा मोहिमांत हक्काची जागा मिळायला हवी. भाषेचा पंधरवडा नरखेडला थांबू नये.

तांत्रिक अडचणी छोट्या असतात, पण नवख्याचा उत्साह त्याच घालवतात. एकाच वायफायवरून एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या माणसापाशी काम अडते. म्हणून खाती आदल्या दिवशी घरूनच उघडून यायला सांगावे, किंवा आयोजकाने विकिपीडियाकडून तशी परवानगी आधीच घेऊन ठेवावी. खेड्यात संगणक नसतो, मोबाइल असतो. मराठीत बोलून टंकण्याची सोय त्यावर आहे आणि वयस्क मंडळींना ती पटकन जमते. पहिले लेखन थेट लेखात करू देऊ नये, धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करून घ्यावे. दुसऱ्या संकेतस्थळावरचा मजकूर उचलून डकवू देऊ नये. पान वगळण्याची सूचना देणारा ‘पानकाढा’चा साचा लागलेले पहिलेच पान पाहून माणूस पुन्हा फिरकत नाही. आणि सरपंचाचे, आपल्या संस्थेचे, स्वतःचे पान करण्याचा आग्रह आला की प्रेमाने पण ठाम नकार द्यावा.

सगळेच ज्ञानकोशात बसत नाही, हेही आधी सांगावे लागते. इथे मराठीबरोबर गोंडी बोलली जाते, पवारी बोलली जाते. जात्यावरच्या ओव्या, बैलांच्या खुणा, पेरणीची बोली परिमाणे यांना छापील संदर्भ मिळत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २०११मध्ये अचल प्रभला यांनी ‘पीपल आर नॉलेज’ या प्रकल्पात मौखिक संदर्भांचा प्रयोग केला होता; मल्याळम, हिंदी आणि आफ्रिकेतली सेपेडी या भाषांत लोकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींना तळटिपेचा दर्जा देता येईल का, हे त्यात तपासले. विकिपीडियाने ती वाट अजून सर्वमान्य केलेली नाही. पण ध्वनिमुद्रण कॉमन्सवर ठेवता येते, शब्द विक्शनरी या मुक्त शब्दकोशात जाऊ शकतो. आणि सर्वांत पक्का उपाय ग्रंथपालाच्या हातात आहे: आधी छापा. महाविद्यालयाचे वार्षिक, स्थानिक इतिहासाची पुस्तिका, विद्यार्थ्यांचे प्रकल्प नीट संपादित करून, तारीख-वार आणि सांगणाऱ्याच्या संमतीसह प्रसिद्ध केले तर अभ्यासक त्यांचा आधार घेतील, आणि त्यांच्या लेखनातून ती माहिती रीतसर ज्ञानकोशात येईल. हा रस्ता लांबचा आहे, पण आड भरण्याचा दुसरा रस्ता मला दिसत नाही.

दरवर्षी १५ जानेवारीपासून, विकिपीडियाच्या वाढदिवसापासून, जगभरचे ग्रंथपाल ‘एक ग्रंथपाल, एक संदर्भ’ ही मोहीम चालवतात. २०१६ साली ती सुरू झाली. मागणी अगदी लहान आहे: प्रत्येक ग्रंथपालाने निदान एका वाक्याला एक संदर्भ जोडायचा. पांढुर्णा जिल्ह्यातल्या आणि सीमेच्या अलीकडच्या ग्रंथपालांनी येत्या जानेवारीत आपापल्या तालुक्याची पाने वाटून घ्यावीत, एवढे माझे मागणे आहे.

वाचकांकडेही मागणे आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जे जुने कागद उतरतात त्यांत शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका असते, देवस्थानचा अहवाल असतो, सहकारी संस्थेचा ताळेबंद असतो, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक असतात. मुक्त ज्ञानकोशासाठी हेच गावाचे पुरावे आहेत, आणि ते किलोच्या भावाने रद्दीत जातात. या वर्षी ते रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या ग्रंथपालाला दाखवा. त्यातल्या एखाद्या पानावर तुमच्या गावाबद्दलचे असे वाक्य असेल, जे आज जगात दुसरीकडे कुठेही छापलेले नाही.