जुन्या गाडीचा रंग

पितळेचा तांब्या चिंचेनं रोज घासला तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, कारण वर पितळ आणि खालीही पितळच. गाडीच्या रंगाचं तसं नाही. पत्र्यावरचा तो कागदाएवढा पापुद्रा. पॉलिश करायचं म्हणजे त्याच पापुद्र्याचा उन्हानं मेलेला वरचा थर खरवडून काढायचा. चकाकी येते खरी, पण माउली, ती रंगाच्याच आयुष्यातून येते.

आमची पद्मिनी १९८९ची. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची, मानखुर्दहून हाकेच्या अंतरावर कुर्ल्याला तयार झालेली. १९७४पासून तिला पद्मिनी म्हणतात. मुंबईकराच्या तोंडी मात्र फियाटच. डिकीत पखवाज, मागं तिघे टाळकरी, पुढं मांडीवर वीणा घेतलेले विणेकरी बुवा, अशी तिनं आमची कितीक कीर्तनं पोहोचवली. आता कीर्तनं थांबली, गाडी आहे.

मानखुर्दला एका अंगाला ठाण्याची खाडी, जवळच देवनारचं डंपिंग, बाजूनं सायन-पनवेल महामार्ग. खारी हवा आणि धूळ, दोन्ही मुबलक. सकाळी लोक कोरड्या फडक्यानं गाडी झटकतात, ते पाहून जीव तुटतो. ती धूळ म्हणजे बारीक वाळू. फडक्याखाली ती रंगावर ओरखडे काढते. आधी भरपूर पाणी सोडावं, मग गाडीचा शाम्पू, वरून खाली. फडकं म्हणून मी जुनं धोतर वापरतो, मात्र खळ पूर्ण गेलेलं. पक्ष्याची विष्ठा दिसली की तासाभरात भिजवून काढावी. दसऱ्याला बॉनेटवर लावलेलं हळदकुंकूही त्याच संध्याकाळी ओल्या फडक्यानं टिपावं. पूजा झाली, डाग कशाला ठेवायचा? (मी हल्ली टिळा काचेलाच लावतो.)

त्या काळच्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक थर नसे. म्हणून पॉलिश करताना फडक्याला रंग लागतो. घाबरू नये, पण तेवढा रंग गाडीवरून गेला हे ध्यानात ठेवावं. रबिंग कंपाऊंड त्याहून खरखरीत. ते जिथं अगदी विटलंय तिथंच, तेही आधी डिकीच्या खालच्या कोपऱ्यात करून पाहून. सावलीत, पत्रा थंड असताना, हातभर जागा घेऊन हलक्या हातानं. दाराच्या कडा आणि बॉनेटची उभी रेघ इथं रंग सर्वांत पातळ, म्हणून तिथं आधी चिकटपट्टी लावावी. शेवटी वॅक्स. वॅक्स काही काढत नाही, वरून पांघरूण घालतं. आषाढीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा पुरे. प्लॅस्टिकचं आच्छादन मात्र नको. खाली ओल कोंडते आणि गंज आतून खातो.

मुलगा म्हणतो, "अण्णा, मशीन फिरवून आणू, नाहीतर नवा रंगच मारू, नवरीसारखी दिसेल." त्याची माया कळते. पण मशीन अनाडी हाती पडलं तर दोन मिनिटांत पत्रा उघडा पडतो, आणि कारखान्यातून आलेला रंग एकदा गेला की तो परत मिळत नाही. वाद नको म्हणून आम्ही ठरवलंय, टपाचं काम त्यानं करायचं, बाकीचं मी. बॉनेटच्या डाव्या कडेला खालचा राखाडी प्रायमर डोकावू लागलाय. तिथं आता पॉलिश बंद, नुसतं वॅक्स.