गुरचरण आणि मेंढपाळ

'मेंढपाळ' हा शब्द आम्ही धर्मगुरू वेदीवरून सहज उच्चारतो. कुरणाचा विचार मात्र क्वचितच करतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई वसू लागली आणि गावोगावची गुरचरणे आकसली. उरलेल्या डोंगरउतारांवर गुरांची दाटी झाली, तर त्या भूमीचे काय होते?

गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. त्यामुळे शेंडा खुडला तरी ते पुन्हा फुटते. बेताच्या चराईने वाळका काडीकचरा दूर होतो, बुंध्याशी ऊन पोचते, शेणामुताने माती सकस होते. दिवाळीनंतर घाटावरून कोकणात उतरणाऱ्या धनगरांचे कळप शेतकरी याच खतासाठी भातखाचरांत बसवून घेत आले आहेत. कळप पुढे सरकतो आणि भूमीला विसावा मिळतो.

हा विसावा संपला की बिघाड सुरू होतो. पवन्या, मारवेल ही गुरांच्या आवडीची गवते आधी नाहीशी होतात, त्यांची मुळे खुरटतात आणि गुरे ज्याला तोंड लावीत नाहीत तो टाकळा माजतो. खुरांखाली माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. कातळावरची पातळ माती पावसाबरोबर खाडीला मिळते.

यात गाईला दोष कसा द्यावा? कुरण आखडले ते माणसाने. यहेज्केलच्या ३४ व्या अध्यायात परमेश्वर आपल्या कळपालाच जाब विचारतो, की पोटभर चरल्यावर उरलेले कुरण पायांखाली का तुडविले. आमच्या नगरातील एखादा उघडा पडलेला उतार पाहिला की तो जाब आम्हां सर्वांच्या घरांना विचारलेला वाटतो.