कापसाचे बोळे

पुणे,
रविवार, 18 जानेवारी 2026

चि. मुक्तास,


तू पाठवलेला तुमच्या कंपनीच्या मानसिक स्वास्थ्य धोरणाचा मसुदा दोनदा वाचला. मेहनत घेतली आहेस. चोवीस तास चालणारी समुपदेशनाची हेल्पलाइन, बुधवारी संध्याकाळी योगवर्ग, ध्यानाचं ॲप, वर्षातून एकदा कार्यशाळा. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. अडचण अशी की, सात पानांत कर्मचाऱ्याने कसं झोपावं, काय खावं, श्वास कसा सोडावा हे सगळं आलं आहे. त्याला काम किती दिलं जातं, कोण देतं, किती वाजता देतं आणि 'एवढं होणार नाही' म्हणायची सोय आहे की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. तू मत मागितलंस म्हणून जरा लांबण लावतो.

भोसरीच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये आवाजाचं काय करतात ते बघ. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. आवाज 95 वर गेला की माणसाला तिथे चारच तास ठेवता येतं. म्हणजे आवाज किती आणि किती वेळ, असा डोस धरलेला आहे. मर्यादा ओलांडली तर पहिलं काम यंत्राचं: खाली रबरी पॅड घाला, ढिले पत्रे आवळा, प्रेसभोवती बंदिस्त खोली करा. मग माणसांची आलटापालट. हे सगळं करूनही आवाज उरला, तर शेवटी कानात बोळे. यंत्र तसंच धडधडतं ठेवून नुसते बोळे वाटणाऱ्या मालकाला सुरक्षेच्या पहिल्या धड्यातच नापास करतात. तुझ्या मसुद्यात मला फक्त बोळेच दिसले. चांगल्या प्रतीचे आहेत, पण बोळेच. आणि ते तितकेसे चालतही नाहीत. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासून 2024 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ताणव्यवस्थापनाचे वर्ग, ॲप वगैरेंत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात सांगण्याजोगा फरक त्यांना आढळला नाही. स्वयंसेवी कामाची संधी हा काय तो अपवाद.

कामाच्या रचनेतूनच येणाऱ्या अशा त्रासाला 'मनोसामाजिक धोके' म्हणतात. शब्द जड आहे, कबूल. पण तो ज्या गोष्टींकडे बोट दाखवतो त्या हिंजवडीच्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये रोज बोलल्या जातात. काम जास्त, हातात अधिकार कमी. नक्की कोणाचं ऐकायचं ते ठाऊक नाही. अप्रेझलमध्ये आधीच आखलेल्या बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी खाली ढकलायचंच. सगळ्यांसमोर झालेला पाणउतारा. आणि डोक्यावर पीआयपीची, म्हणजे 'कामगिरी सुधारा' योजनेची, टांगती तलवार. या तक्रारींचा चार दशकं कसून अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलं की नुसत्या कामाच्या ओझ्यापेक्षा ओझं मोठं आणि त्यावर ताबा नाही, ही जोडी घातक असते. योहानेस सीग्रिस्ट यांनी 1996 मध्ये दुसरी बाजू दाखवली: जीव ओतून काम करायचं आणि पगार, मान, नोकरीची शाश्वती यांतलं काहीच त्या मापाने हाती लागत नाही, ही स्थितीही हृदयाला बाधते. लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या व्हाइटहॉल अभ्यासात हृदयविकाराचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या कारकुनांत जास्त निघालं, आणि कामावरचा ताबा कमी असणं हे त्यामागचं एक ठळक कारण ठरलं.

तासांचा हिशेब तर आणखी स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे 2021 मध्ये एकत्र अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त. एकट्या 2016 साली अशा लांब तासांपायी जगात सुमारे 7 लाख 45 हजार मृत्यू झाले. हा 55 चा आकडा लक्षात ठेव, पुढे लागेल. आपल्या केंद्र सरकारच्या 2024-25 च्या आर्थिक पाहणी अहवालानेही या अभ्यासाची दखल घेतली आहे.

आता आपल्या गावातलं. जुलै 2024 मध्ये एका बड्या लेखापरीक्षण कंपनीच्या पुणे कार्यालयात नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेली 26 वर्षांची सीए मुलगी गेली. सप्टेंबरात तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं; रात्री उशिरापर्यंतचं आणि सुट्टीच्या दिवशीचं काम मुलीला कसं पोखरत गेलं, हे त्यात होतं. कामाच्या दबावाने जीव गेला हे कंपनीने मान्य केलं नाही. एका मृत्यूचं एकच कारण बोट ठेवून सांगता येत नाही, हे खरं आहे आणि मीही ते सांगणार नाही. पण त्या गदारोळात एक गोष्ट उघडी पडली, ती मला मृत्यूच्या कारणाइतकीच महत्त्वाची वाटते. कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले तेव्हा ते कार्यालय 2007 पासून दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीविनाच चालू असल्याचं आढळलं. सतरा वर्षं! कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे फ्रेम करून लावलेला असतो तो गुमास्ता परवाना, तोच नव्हता. म्हणजे तिथे कोण किती तास बसतं हे विचारायला सतरा वर्षांत कुणी जिना चढलंच नव्हतं. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये निदान आवाज मोजायचा हे तरी ठरलेलं असतं.

'नियम पाळले असते तर भागलं असतं' असं तू म्हणशील. पुरतं भागलं नसतं. आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास ठरवले, त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम, तीन महिन्यांत जास्तीत जास्त 125 तास. तेरा आठवड्यांत 125 म्हणजे आठवड्याला साधारण साडेनऊ. 48 मध्ये मिळव, झाले 57 च्या वर. कायदा तंतोतंत पाळूनही माणूस त्या 55 च्या पलीकडे जाऊ शकतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ओव्हरटाइमची ही मर्यादा 144 वर आणि दिवसाचे तास 9 वरून 10 वर न्यायला मंजुरी दिली. आता तोच हिशेब 59 वर जातो. शिवाय व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना कायदा मुळातच लागू नाही. आपल्याकडे तिसऱ्या वर्षी 'लीड' आणि पाचव्या वर्षी 'मॅनेजर' होणारी पोरं बघितली की या पदव्या इतक्या सढळ हाताने का वाटतात, असा प्रश्न मला पडतो. आजारांच्या यादीचंही तेच. कारखाने कायद्याच्या परिशिष्टात कळवणं बंधनकारक असलेले 29 आजार होते: शिसं, पारा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची नवी संहिता लागू झाली. तिच्या यादीतही ताणातून येणाऱ्या आजाराला जागा नाही.

आणि आकडेच खोटे असतील तर कायदा मोजणार काय? शुक्रवारी दुपारी भरायची ती टाइमशीट डोळ्यांसमोर आण. पाच रकाने, आठ, आठ, आठ, आठ, आठ. क्लायंटशी करार आठ तासांचा, म्हणून बिलेबल तास आठच. कुणी मंगळवारी बारा लिहिले तर मॅनेजरचा फोन येतो, 'अरे, अंदाज चुकला असं दिसेल, आठच टाक.' मग ते चार तास कुठेच राहत नाहीत. क्लायंटच्या बिलात नाहीत, पगारात नाहीत, कामगार खात्याच्या कागदावर नाहीत. पुढच्या प्रोजेक्टचा अंदाज याच खोट्या आठांवर बांधला जातो, म्हणून तोही कमीच निघतो, आणि ते चार तास पुन्हा कुणाच्या तरी रात्रीतून काढले जातात. हे यंत्र असं धडधडतं. याला रबरी पॅड घालायचा सोडून तू ध्यानाचं ॲप देते आहेस.

तुझ्या मनातले आक्षेप मला दिसताहेत. पहिला: जास्त काम करूनही धडधाकट असलेली माणसं आहेतच की. आहेत. इन्फोसिस 1981 साली आपल्या पुण्यातच सुरू झाली; तिच्या संस्थापकांपैकी नारायण मूर्ती यांनी 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तासांचा सल्ला दिला. एल अँड टीचे सुब्रमण्यन तर 2025 च्या जानेवारीत 90 वर गेले. संस्थापक आपल्या कंपनीसाठी 70 तास राबतो तेव्हा काय करायचं, कधी थांबायचं आणि कुणाला नाही म्हणायचं हे त्याच्या हातात असतं, आणि फळही त्याचंच. कॅरासेक आणि सीग्रिस्ट यांच्या दोन्ही अटी तिथे उलट्या लागतात. तेच 70 तास ट्रेनीला लावले की तास तेवढेच राहतात, डोस बदलतो.

दुसरा आक्षेप: ताण घरातूनही येतो; गृहकर्जाचा हप्ता, आजारी आईवडील, भूमकर चौकातली कोंडी. खरं आहे. सिगारेट ओढणाऱ्या दगडखाणीतल्या कामगाराच्या फुप्फुसातही धूर आणि धूळ दोन्ही असतात. म्हणून मालकाला धूळ दाबायला सांगणं कुणी सोडत नाही. जपानने हा तिढा फार व्यवहारी रीतीने सोडवला. मेंदूचा किंवा हृदयाचा झटका कामामुळे आला का, हे ठरवताना तिथे आधीच्या एका महिन्यात सुमारे 100 तास, किंवा दोन ते सहा महिन्यांत सरासरी 80 तास जादा काम झालं असेल तर कामाशी संबंध घट्ट धरला जातो. नेमकं कारण कधीच सिद्ध होणार नाही हे मान्य करूनच त्यांनी रेषा आखली.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: क्लायंट अमेरिकेत, त्याची सकाळ ती आपली रात्र, आपण अडून बसलो तर काम मनिलाला जाईल. रात्रपाळीला मी नाही म्हणत नाही. रात्रपाळी लावायची असेल तर लावा. सकाळी सुट्टी, भत्ता, परतीची गाडी, सगळं ठरलेलं असतं. घातक आहे ती दिवसाची शिफ्ट न संपवता लावलेला रात्री साडेदहाचा कॉल. ती पाळी नव्हे, ती गळती आहे. आणि स्पर्धेचं म्हणशील तर हा युक्तिवाद फार जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या 5,500 सह्यांचं निवेदन दिलं. त्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती. कामगार कायदे म्हणजे लँकेशायरच्या गिरण्यांचा आपला धंदा बुडवायचा डाव, असं तेव्हा मालकच नव्हे, बरीच राष्ट्रवादी वृत्तपत्रंही म्हणत होती. (त्या संशयात तथ्य अगदीच नव्हतं असंही नाही.) 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. गिरण्या पुढे कित्येक दशकं चालल्या.

एक मात्र तुझ्या बाजूने सांगतो. एकटी कंपनी सगळं बदलू शकत नाही. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क देणारं विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 2018 मध्ये मांडलं, आणि गेल्या महिन्यात पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते तू जाणतेस. फ्रान्समध्ये असा कायदा 2017 पासून आहे. पण ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाने 2004 मध्ये मालकांपुढे ठेवलेले सहा मुद्दे वापरायला तुला कुणाच्या परवानगीची गरज नाही: कामाचं ओझं, कामावरचा ताबा, पाठबळ, आपसातले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसा हाताळला जातो. तुझ्या मसुद्याची पहिली चार पानं यावर हवीत. हेल्पलाइन पाचव्या पानावर येऊ दे.

सुरुवात अशी कर. गेल्या तीन महिन्यांची टाइमशीट एका बाजूला ठेव, आणि लॅपटॉप किती वाजता लॉगिन आणि लॉगआउट झाले याची नोंद दुसऱ्या बाजूला; ती तुमच्या आयटी विभागाकडे असतेच. माणसांची नावं काढून टाक, फक्त टीमची ठेव, नाहीतर उद्या हाच कागद लॉगआउट लवकर करणाऱ्यांवर उगारला जाईल. दोन्हींतला फरक जिथे सगळ्यांत मोठा आहे, त्या टीमचं मूळ एस्टिमेट कोणी दिलं आणि कोणाच्या सांगण्यावरून ते खाली आणलं, एवढं शोध. उत्तर कदाचित तुझ्याच नावापाशी येऊन थांबेल. थांबलं तरी मसुद्यात लिही.

ताईला सांग, तिळगुळाचा डबा पोचला. यंदा गूळ जरा कडक झाला आहे, पण चव तीच.

तुझा,
मामा