यंत्राची शिळी आठवण

एखादें संकेतस्थळ उघडेनासें झालें म्हणजे आपण त्या दूरच्या कचेरीस दोष देतों, किंवा तेथून आपणांसच नाकारलें आहे अशी समजूत करून घेतों. पुष्कळदां हे दोन्ही तर्क चुकीचे ठरतात.

ब्राउझर आपल्यापाशीं दोन प्रकारचा संग्रह करितो. पुढील खेपेस पान लवकर उघडावें म्हणून एकदां आणलेलीं चित्रें व पानाचे इतर भाग तो जवळ ठेवितो. हा संग्रह म्हणजे कॅश. दुसरा संग्रह कुकींचा. संकेतस्थळास प्रत्येक मागणी मुळांत नवख्याचीच वाटते; म्हणून नेटस्केप कंपनींतील लू मॉण्टुली यांनीं १९९४ सालीं एक युक्ति योजिली. संकेतस्थळ ब्राउझरच्या हवालीं एक लहानशी चिठ्ठी करितें, आणि पुढें ती दाखविली कीं ओळख पटते. परंतु संकेतस्थळ बदललें व संग्रह जुनाच राहिला, किंवा चिठ्ठी बिघडली, तर पान मोडकें दिसतें, अथवा पासवर्ड बरोबर असूनही प्रवेशाचेंच पान पुनःपुन्हां समोर येतें.

गतवर्षीं एका विद्यार्थिनीचे वडील शिष्यवृत्तीच्या अर्जासाठीं शाळेंत आले. दोन दिवसांची मजुरी बुडवून ते खटपट करीत होते, आणि मुदत दुसऱ्या दिवशीं संपत होती. “सर, मुलीचें नांवच काढलेलें दिसतें,” ते खालच्या आवाजांत म्हणाले. मीं त्यांच्याच मोबाइलवर ब्राउझरची खासगी खिडकी उघडली. जुन्या चिठ्ठ्या तेथें चालत नाहींत. अर्ज तत्काळ दिसला. दोष कोठें आहे हें कळल्यावर त्या एकाच संकेतस्थळाचा जुना संग्रह पुसला, आणि सायंकाळपूर्वीं अर्ज रवाना झाला.

संगणकावर क्रोम, फायरफॉक्स किंवा एज यांत कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबल्या म्हणजे पुसण्याची खिडकी उघडते. मात्र सर्व कुकी सरसकट पुसल्यास बहुतेक ठिकाणीं पुन्हां प्रवेश करावा लागतो. यास्तव पासवर्ड आधींच हाताशीं असावा, आणि साठविलेले पासवर्ड पुसण्याच्या चौकटींत खूण करूं नये. शक्यतों एकाच संकेतस्थळापुरतें पुसावें. एवढें करूनही पान न उघडल्यास दोष बहुधा पलीकडे आहे असें समजून कचेरीस कळवावें.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, बंद पान पाहून मुलांदेखत “आपल्या नशिबींच नाहीं” असें म्हणूं नये. मुलें तें खरें मानतात. आधीं आपलें यंत्र तपासावें, आणि मुदतीचे चार दिवस नेहमीं हातीं राखावे.