पहिल्या ओळखीची अडत

अकोला

चि. माईस,

तू पाठवलेला हिशेब पाहिला. मार्केटप्लेसवरचं गोधड्यांचं दुकान बंद करून स्वतःची वेबसाइट काढायची असं ठरवलंस, आणि मग विचारतेस, ‘मामा, तुमचं काय म्हणणं आहे?’ ठरवून झाल्यावर विचारायची रीत आपल्या घरात जुनीच आहे. तरी सांगतो. अडतीच्या दुकानात दिवाणजी म्हणून माझी हयात गेली आणि तुझा प्रश्न मला अडतीचाच दिसतो.

आधी तुझ्या आकड्यांबद्दल. दोन हजारांची गोधडी विकली की शंभराला पंधरा कमिशन, म्हणजे 300 रुपये, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 54. असे 354 रुपये तुझ्या हाती यायच्या आधीच जातात, पाठवणीचा खर्च वेगळा. तुझा जीव तुटतो तो इथे. पण त्याच रकान्यात तू टीसीएस आणि टीडीएसही तोटा म्हणून लिहिलेत, ते खोड. 10 जुलै 2024 पासून टीसीएस अर्धा टक्का आहे आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून टीडीएस शंभराला दहा पैसे. तो सरकारकडे तुझ्या नावावर जमा झालेला पैसा आहे. रिटर्न वेळेवर भरलंस की वळता होतो. खर्च आणि आगाऊ कर एका ओळीत लिहिले की चालता धंदाही बुडीत दिसतो.

आता 354 रुपयांचं. शेतकरी तूर घेऊन मार्केट यार्डात येतो, तेव्हा अडत्या ती विकत घेत नाही. तो माल मांडतो, हर्रासाला खरेदीदार गोळा करतो, माप करवतो, आणि खरेदीदाराकडून पैसा यायचा असला तरी शेतकऱ्याला चुकारा देतो. माल ओला निघाला, वजनात फरक पडला, तर मध्ये उभा राहतो. गिऱ्हाइकांची गर्दी, पैशाची हमी आणि भांडणाचा निवाडा अशी ही तीन कामं. शेतकरी अडतीला शिव्या घालत आणि पुढच्या हंगामात त्याच ओट्यावर पोती उतरवत, ते यामुळेच. तुझा मार्केटप्लेस हेच करतो. पुण्यातली बाई तुला ओळखत नाही, पण त्या ॲपला ओळखते. गोधडी आवडली नाही तर पैसे परत मिळतील या भरवशावर ती दोन हजार मोजते. तो भरवसा तुझ्या नावावर अजून जमा झालेला नाही.

म्हणून अडत्या सोडला की अडत वाचते, ही समजूत अर्धीच खरी आहे. ती तीन कामं मागे उरतात आणि कोणीतरी करावीच लागतात.

पण तुझ्या रागातही तथ्य आहे. बाजार कोण चालवतो, हा प्रश्न आपल्या वऱ्हाडाने देशात फार आधी पाहिला. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजाला 1886 साली देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता, त्यातून हे सुचलं. परवान्याचे दलाल आले, मापारी आले, मापातली लबाडी आटोक्यात आली. पण बाजार चालवणाऱ्या समितीत शेतकऱ्याला जागा नव्हती. पुढे 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली. हेतू शेतकऱ्याला हमीचा भाव देण्याचा होता, पण दार एकच उरलं. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रात्रीतून हद्दीपार जाई. दोन्ही वेळा दिसलं ते एकच: बाजार कितीही शिस्तीचा असो, त्याचे नियम तो चालवणारा ठरवतो, आणि माल आणणाऱ्याजवळ दुसरं दार नसेल तर तो फक्त कुरकुर करू शकतो.

तुमच्या धंद्यातही हे घडून गेलंय. हाताने केलेल्या वस्तूंचा एट्सी नावाचा अमेरिकन बाजार 2005 मध्ये सुरू झाला. तिथे विक्रीवरचं शुल्क साडेतीन टक्के होतं. ते 2018 मध्ये पाच झालं आणि 11 एप्रिल 2022 पासून साडेसहा. हजारो विक्रेत्यांनी त्या आठवड्यात निषेध म्हणून आपली दुकानं बंद ठेवली. दर मात्र लागू झाला तो झालाच. त्यांची कला त्यांच्या हातात होती, पण गिऱ्हाइकांची यादी बाजाराच्या हातात होती.

माझं म्हणणं त्या यादीवरच येतं, माई. कमिशन म्हणजे दुकानाचं भाडं नव्हे, ती अनोळखी माणसाशी ओळख करून दिल्याची किंमत आहे. पहिल्या खेपेला ती खुशाल दे. तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं आणि तेव्हाही तेवढीच दिलीस, तर नुकसान तिथे होतं. वेबसाइट नवं गिऱ्हाईक आणण्यासाठी काढू नकोस. आलेलं गिऱ्हाईक परत यावं म्हणून काढ.

हे आकड्यात पाहा. समज, साइटचा खर्च महिन्याला हजार रुपये आहे आणि महिन्यात तिच्यावर पाच गोधड्या गेल्या. दर गोधडीमागे 200. कार्डाने पैसे आले तर गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 47. झाले 247. अनोळखी गिऱ्हाईक आणायला जाहिरातीवर 400 घातलेस तर 647 झाले, म्हणजे 354 परवडले. तेच गिऱ्हाईक ओळखीतलं असेल तर जाहिरात नाही. आणि महिन्यात वीस गोधड्या जायला लागल्या की साइटचे 50 आणि गेटवेचे 47, असे 97 रुपयांत काम होतं. म्हणजे साइट परवडते की नाही हे तुझी किती गिऱ्हाइकं परत येतात त्यावर ठरतं. आधी तेवढं मोजून मला कळव.

आता हेही लक्षात घे, की सगळा माल गिऱ्हाइकाला परत आणत नाही. धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांड्यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथल्या कोरकू कारागिरांच्या बांबूच्या राख्या तू पाहिल्या असशील. राखी दर श्रावणात लागते. तुझी मोठी गोधडी मात्र एकदा घेतली की दहा वर्षं जाते, आणि चांगली शिवलीस तर त्याहून जास्त. तिच्यासाठी माणूस परत येणार कशाला? पण बाळाची लहान गोधडी घेणाऱ्या बाईच्या नात्यात पुढच्या वर्षी कोणाचं तरी बारसं असतंच. साइटवर पहिली जागा तिला दे. आईच्या जुन्या साड्या पाठवून गोधडी शिवून घेणाऱ्यांचं काम तर मार्केटप्लेसवर बसतच नाही. साडी आधी पाहावी लागते, बोलावं लागतं, कापड कुठे विरलंय ते सांगावं लागतं. ते काम पूर्णपणे साइटवर आण. तिथे तुझा भाव दुसऱ्या गोधडीशी लावून पाहणारं शेजारचं चित्र नसेल.

गिऱ्हाइकाला आपल्याकडे वळवताना सरळ वाग. मार्केटप्लेसच्या पार्सलात ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या’ अशी चिठ्ठी टाकायची कल्पना तू लिहिलीस, ती सोड. बहुतेक मार्केटप्लेसच्या करारात त्याला मनाई असते आणि दुकान एका दिवसात बंद होऊ शकतं. त्यापेक्षा गोधडीच्या कोपऱ्यावर आपल्या नावाची कापडी पट्टी शिव. ज्याला शोधायचं तो शोधील. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरने 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर जंगलातली सीताफळं आपल्या छापाखाली मुंबईच्या बाजारात पाठवली. दुकान दुसऱ्याचंच होतं, पण फळ कोणाचं हे घेणाऱ्याला कळलं. तुझं नाव नोंदवूनही टाक. ट्रेडमार्कमध्ये गोधडी-चादरीचा वर्ग 24 आहे, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे 4,500 रुपये पडतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते.

पाठवणीचा तुझा हिशेब मात्र चुकलाय. तू दोन किलोचा दर धरलास. बहुतेक कुरियरवाले वजन आणि आकारमान यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागतात. तुझं खोकं 45 बाय 35 बाय 20, म्हणजे 6.3 किलो. तीच गोधडी हवा काढून पिशवीत दाबलीस आणि उंची 8 वर आणलीस तर अडीच किलो. कमिशन वाचवायला निघालेली माणसं इथे पैसे घालवतात.

पार्सल घरी आल्यावर पैसे देणाऱ्यांचंही तसंच. पार्सल न घेता परत पाठवलं तर जाण्याचं आणि येण्याचं भाडं आता तुझ्या माथी. थोडी रक्कम आधी घे. परतीचा नियम साइटवर सोप्या मराठीत लिही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांमुळे दुकानाचा पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्याचं नाव द्यावंच लागतं, आणि ते नाव आता तुझंच असणार. अडत्याचं तिसरं काम ते हेच. जीएसटीचं सी.ए.ला विचार. राज्याबाहेर माल विकायला एरवी नोंदणी लागते, पण ठरावीक हस्तकला वस्तूंना 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे. तुझी गोधडी त्या यादीत कशी बसते ते त्यांच्याकडून लेखी घे.

तेव्हा माझा सल्ला असा. दिवाळीच्या आत लहानशी साइट उघड, पण मार्केटप्लेसचं दुकान बंद करू नकोस. तिथे चार-पाचच नमुने ठेव, जे पाहून माणूस तुला ओळखेल. साइटवर आलेल्या प्रत्येकाचं नाव, फोन, काय घेतलं आणि कोणासाठी घेतलं, हे त्यांच्या परवानगीने एका वहीत उतरव. ती वही साइटपेक्षा महत्त्वाची. साइट करून देणारा उद्या बदलता येईल.

आणखी एक गोष्ट तुझ्या हिशेबात मला दिसली नाही. मार्केटप्लेसवर सणाच्या सवलती लागल्या की भाव उतरवावा लागतो, आणि तो उतरतो तुझ्या गोधड्या शिवणाऱ्या बडनेऱ्याच्या बायांच्या शिलाईतून. कापडवाला आपला दर सोडत नाही, कुरियरवाला सोडत नाही, म्हणून सुईवालीचा उतरतो. आपल्या साइटवर भाव तू लावणार. तेव्हा आधी शिलाईचा दर ठरव, त्या बायांना समोर बसवून ठरव, आणि मग गोधडीची किंमत लिही. कमिशनातून वाचलेला पहिला पैसा त्यांचा. त्यांच्या हातात तो पडत नसेल तर अडत्याच्या जागी तू बसलीस एवढंच होईल, आणि त्यांना दुसरं दार शोधायचा तेवढाच हक्क राहील.

वहीचे आकडे पाठव. बाबांना नमस्कार, पोट्ट्यांना आशीर्वाद.

तुझा
मामा